उन्हानं वाकलेलं गाडीतलं प्लास्टिक घरी सरळ कसं करायचं? गरम पाणी, हीट गन आणि रात्रभराचा दम

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर गेला की माणूस सावली धरतो, जनावरं गोठ्यात घेतो, पण गाडी मात्र उन्हातच उभी असते. मार्केट यार्डाबाहेर, बँकेसमोर, लग्नाच्या मांडवामागं, जिथं जागा मिळेल तिथं. असे दहा-पंधरा उन्हाळे खाल्लेली गाडी आतून बघा. डॅशबोर्डची कड काचेजवळ वर उचललेली, दाराचं पॅड पोट सुटल्यासारखं फुगलेलं, खांबावरची पट्टी धनुष्यासारखी वाकलेली आणि स्टिअरिंगखालचं कव्हर खाली लोंबतंय. बहुतेक लोक म्हणतात, जाऊ दे, गाडी चालतीय ना.

मीही तसंच म्हणत होतो. आमची २००७ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे. घरचं डाळिंब-भाजी नेण्यापासून आईला दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळी कामं तिच्यावर. स्टिअरिंगखालच्या कव्हरचा उजवा कोपरा तीन बोटं खाली आला होता. मागच्या गळीत हंगामात संध्याकाळी घरी येताना पुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीवाल्यानं अचानक वेग कमी केला. मी ॲक्सिलेटरवरचा पाय उचलून ब्रेककडं नेला, तर चप्पलेचा अंगठा त्या लोंबत्या कोपऱ्यात अडकला. क्षणभराचाच खेळ, चप्पल तिथंच सोडून उघडा पाय ब्रेकवर दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी बोनेटवर टेकली होती. आई शेजारी बसलेली. ती काही बोलली नाही, फक्त खाली वाकून माझी चप्पल काढून दिली.

दुसऱ्या दिवशी ते कव्हर काढलं आणि पहिलीच चूक केली, पण ती पुढं सांगतो. आधी प्लास्टिक वाकतं का, ते बघू. कारण कळल्याशिवाय सरळ केलेलं परत वाकतं.

वाकतं कशामुळं?

बंद गाडी उन्हात तापते किती, हे अमेरिकेतल्या ॲरिझोना भागात मोजून बघितलं गेलंय. तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बाहेर आपल्या उन्हाळ्यासारखं ऊन असताना तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसवर गेला होता, स्टिअरिंग ५३ वर. डॅशबोर्ड काळा असतो आणि वर काच, म्हणजे सगळं ऊन त्याच्याच डोक्यावर.

आता ६९ अंशाला प्लास्टिक वितळत नाही. पण भार असेल तर ते हळूहळू बसत जातं. छपराचा वासा जसा वर्षानुवर्षं ओझ्यानं खाली येतो, तसं. त्यात साच्यातून काढताना प्लास्टिकच्या अंगात ताण राहिलेला असतो, तो उष्णतेनं मोकळा होतो आणि पट्टी पिळवटते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्लास्टिक तापल्यावर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. एक मीटर लांबीची पट्टी ५० अंशानं तापली तर जातीप्रमाणं तीन ते सात मिलिमीटर वाढते. तेवढंच लोखंड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतं. म्हणून कंपनीनं दिलेली भोकं नीट बघा. एका टोकाचं भोक गोल असतं आणि बाकीची लांबट असतात. लांबट भोक हे चुकून पडलेलं नसतं, प्लास्टिकला सरकायला ठेवलेली ती जागा असते.

माझ्या कव्हरचं दुखणं नेमकं हेच निघालं. पूर्वी कधीतरी वायरिंगच्या कामाला एका गॅरेजात कव्हर उघडलं होतं. क्लिपा तुटल्या म्हणून त्यांनी जाड वायसर घालून दोन्ही टोकांना स्क्रू आवळून टाकले. काम पक्कं वाटलं. पण दुपारी कव्हर वाढायला बघायचं, दोन्हीकडून जखडलेलं, मग जाणार कुठं? मधूनच पोट काढायचं. चार उन्हाळ्यांत ते पोट कायमचं झालं आणि कोपरा फाटून खाली आला.

तेव्हा तुमच्या गाडीत कुठलीही पट्टी वाकलेली दिसली तर आधी तिचे स्क्रू आणि क्लिपा बघा. निम्म्या वेळा रोग तिथंच सापडतो.

प्लास्टिकची जात ओळखा

पॅनल उलटं करा. मागं बारीक उठावाची इंग्रजी अक्षरं असतात, आडव्या बाणांसारख्या दोन खुणांच्या मध्ये. तिथं पीपी असेल तर पॉलिप्रोपिलिन, घरातल्या डब्यांचं आणि साखरेच्या विणलेल्या पोत्याचं भाऊबंद. एबीएस असेल तर हेल्मेटच्या कवचाचं असतं तसलं कडक प्लास्टिक. माझ्या कव्हरवर पीपीच्या पुढं टीडी २० होतं. म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची भुकटी मिसळलेली.

खूण दिसली नाही तर मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोन लावून बघा. नेलपॉलिश काढायच्या बऱ्याच बाटल्यांत तेच असतं, पण बाटलीवर वाचून घ्या. एबीएस असेल तर जागा चिकट होते. पीपीला काही होत नाही. पाण्यात टाकून बघायची जुनी रीत आहे, साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क घातलेलं पीपीसुद्धा बुडू शकतं, त्यामुळं एकट्या त्या परीक्षेवर विसंबू नका. आणि तुकडा जाळून वासावरून ओळखायचं तर करूच नका. पीव्हीसी निघालं तर त्याचा धूर आम्लाचा असतो, घसा आणि छाती जाळतो.

जात का महत्त्वाची? एबीएस साधारण १०० अंशाच्या आसपास ढिलं पडतं, त्यामुळं ते उकळत्याच्या जवळच्या पाण्यात वळतं. पीपी वितळायला १६० च्या वर लागतात. ते पाण्यात नरम पडतं पण पुरतं ऐकत नाही, त्याला दोनदा-तीनदा समजवावं लागतं. फायबरग्लास मात्र या दोघांत बसत नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी बनत होती, तिची बॉडी फायबरग्लासची. फायबरग्लास एकदा घट्ट झालं की पुन्हा तापवून वळत नाही, जास्त तापवलं तर करपतं. असल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या हौसेनं जपणारे लोकही आतलं वाकलेलं प्लास्टिक पुढं सांगतोय त्याच रीतीनं सरळ करतात, कारण त्यांना सुटे भाग मिळतच नाहीत. आपल्याकडं मारुती ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं. जुन्या गाड्यांचं आतलं पॅनल शोधत भंगार बाजार पालथा घाला, मिळालं तरी तेही उन्हानं वाकलेलंच मिळणार.

काढताना

बॅटरीची मायनस वायर आधी काढा. गाडीत एअरबॅग असेल तर वायर काढल्यावर किमान पाच-दहा मिनिटं थांबा, गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तेवढं. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती असते. एअरबॅगचं झाकण, ज्यावर एअरबॅगची इंग्रजी अक्षरं किंवा खूण आहे असा खांबावरचा भाग, आणि तो फाटायला ठेवलेली बारीक रेघ असलेला डॅशबोर्ड यांना तापवायचं नाही, चिकटवायचं नाही, वरून कव्हरही घालायचं नाही. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

काढायचं काम थंडीत पहाटे करू नका. गार प्लास्टिक कडक असतं, क्लिपा पटापट मोडतात. गाडी तासभर उन्हात ठेवून मग काढा. पेचकस घालून उचकटण्यापेक्षा लाकडी चमच्याचं चपटं टोक किंवा जुना प्लास्टिकचा उलथना वापरा, कडेला ओरखडा येत नाही. प्रत्येक स्क्रू कुठला, याचा मोबाईलवर फोटो काढा. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर मागची वायर भोसकतो.

पॅनल निघालं की भांडी घासायच्या साबणानं धुवा. डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश वर्षानुवर्षं मारलेलं असतं, त्यात बहुधा सिलिकॉन असतं. ते राहिलं तर पुढं गोंद, रंग काहीच धरत नाही.

माझी चूक

मी कव्हर थेट गॅसच्या शेगडीवर धरलं. दोन मिनिटांत कोपरा वळला, मला वाटलं जमलं. उलटं करून बघतो तर वरची चामड्यासारखी नक्षी त्या जागी गुळगुळीत चकचकीत होऊन गेलेली. ही नक्षी साच्यातून आलेली असते. एकदा वितळली की पॉलिश पेपरनं, रंगानं, कशानंच परत येत नाही. तो रुपयाएवढा चकचकीत डाग आजही माझ्या गुडघ्यासमोर आहे. शेगडी, ब्लो लॅम्प, मेणबत्ती, चूल, म्हणजे उघडी आग यातलं काहीही चालत नाही.

पाण्याची रीत

घरी करायला हीच सगळ्यात निर्धोक. पाणी १०० च्या वर जातच नाही, त्यामुळं नक्षी जळायची भीती नाही.

पॅनल बुडेल एवढं पसरट भांडं घ्या. आमच्याकडं मोठं घमेलं पुरलं. लांब पट्टीला अर्धा कापलेला पत्र्याचा डबा किंवा जनावरांची पत्र्याची पाटी चालते. पाणी चुलीवर उकळा आणि भांडं खाली उतरवून मग पॅनल घाला, नाहीतर पॅनल तळाला टेकून तिथंच चिकटतं. एबीएस असेल तर पाणी उकळून दोन मिनिटं थांबा. वाकलेला भाग पाच ते दहा मिनिटं पाण्यात राहू द्या. लेकरांना लांब ठेवा, जाड हातमोजे घाला. गरम पाण्याचं भाजणं वाईट असतं.

त्याआधीच बैठक तयार ठेवा. पॅनल बाहेर काढल्यावर अर्धा-एक मिनिट हातात असतो, तेव्हा लाकूड शोधत बसलात की गेलं. सपाट पॅनलला फरशीचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा आणि वर विटा. वळणदार असेल तर वाळूनं भरलेल्या पिशव्या खालून लावून तो आकार धरा. आकार कसा असायला पाहिजे हे कळत नसेल तर दुसऱ्या बाजूचं, म्हणजे डाव्या दाराचं न वाकलेलं पॅनल काढून समोर ठेवा आणि आरशातल्यासारखं उलट समजा.

आणि ही खरी मेख आहे. पाहिजे तेवढंच वळवायचं नाही, थोडं पलीकडं वळवायचं. प्लास्टिक गार होताना मागं येतं. एक सेंटिमीटर बाक काढायचा असेल तर सव्वा-दीड सेंटिमीटर उलट दिशेला दाबून धरा. माझ्या पीपीच्या कव्हरचा पहिल्या फेरीत निम्मा बाक गेला आणि सकाळपर्यंत त्यातला थोडा परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, मग बोटभर राहिला. तो शेवटचा बाक पाण्यानं निघेना, तिथं हीट गन घ्यावी लागली.

हीट गन

हजार-दीड हजाराच्या आसपास साधी मिळते. भाड्यानं किंवा गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून मागून आणली तरी चालते. गनवर ३०० अंश लिहिलंय म्हणून प्लास्टिकलाही तेवढं द्यायचं नसतं. वीतभर अंतर ठेवायचं आणि कोळप्यासारखं पुढं-मागं चालवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही. तापवायचं नेहमी मागून, नक्षीच्या बाजूनं कधीच नाही.

अंदाज कसा घ्यायचा? मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. थेंब नुसता पसरला तर अजून तापायचंय. चर्र करून उडाला की १०० च्या वर गेलं. एबीएस असेल तर इथंच गन बंद. पीपीला आणखी थोडं लागतं, १२० ते १३० पर्यंत. पॅनल हातात ओल्या चामड्यासारखं लवायला लागलं की तापवणं थांबवा. लेझरचं तापमान मीटर असेल तर उत्तमच, पण कोरोनात घेतलेलं कपाळाचं मीटर कामाचं नाही, ती बहुतेक ४३ अंशाच्या आसपासच थांबतात. धूर दिसला किंवा वास आला तर तुम्ही फार पुढं गेलात. काम मोकळ्या हवेत करा.

मागं फोम किंवा कापड चिकटवलेलं असेल तर आधी काढा, नाहीतर ते करपतं आणि उष्णता नेमकी कुठं लागतेय ते कळत नाही.

गार करायची घाई करू नका. पटकन गार पाणी ओतलं तर वरचा थर घट्ट होतो, आत गरमच राहतं आणि ताण पुन्हा अडकतो. दाबून ठेवलेलं पॅनल रात्रभर तसंच सावलीत सोडायचं. आमच्या ओसरीवर चार विटांखाली ते कव्हर होतं आणि सकाळी दूध घालायला आलेला पोरगा विचारत होता, काका, लोणचं घातलंय का.

तुटलेले कान आणि क्लिपा

वाकलेल्या पॅनलचे स्क्रू धरणारे कान बहुतेक वेळा तुटलेलेच असतात. इथं लोक इन्स्टंट गोंद ओततात. एबीएसला तो धरतो, त्यावर चिमूटभर खायचा सोडा टाकला तर लगेच दगडासारखा होतो. मात्र तेव्हा तो गरम होतो आणि वाफ डोळ्याला झोंबते, तोंड लांब ठेवा. एबीएसचे बारीक कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी त्याहून चांगली, ती जोड एकजीव करते. फक्त एक दिवस वाळू द्या आणि जवळ विडी-काडी नको.

पीपीला यातलं काहीच धरत नाही. गोंद वाळतो आणि कवचासारखा निघून येतो. त्याला वेल्डिंगच पाहिजे. सोल्डरिंग इस्त्री आणि भंगारातल्या पीपीच्याच तुकड्याची कापलेली पट्टी घ्या, चिरेत दोन्ही बाजूचं प्लास्टिक वितळवून पट्टी त्यात मिसळा. चहाच्या स्टीलच्या गाळणीची जाळी मागून वितळवून बसवली की ताकद येते. माझ्या कव्हरचे दोन्ही कान असेच जोडलेत.

आणि परत बसवताना लांबट भोकं लांबटच ठेवा. गोल भोकाचा स्क्रू आवळा, बाकीचे टेकवून पाव आटा मागं सोडा. वायसर घालायचाच तर मोठा आणि सरकणारा. खडखड वाजत असेल तर मध्ये फेल्टची किंवा जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवा, स्क्रू आवळू नका.

दाराचं पॅड: इथं ऊन नाही, पाणी

जुन्या बऱ्याच गाड्यांत दाराचं पॅड आतून हार्डबोर्डचं असतं, वरून रेक्झिन. ते फुगलंय म्हणून गरम करत बसू नका. काचेच्या रबराकडून पावसाचं पाणी दारात उतरतं, ते खालच्या भोकातून जायला पाहिजे. पॅडच्या मागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो ते पाणी पॅडपर्यंत येऊ देत नाही. काच दुरुस्त करताना हा कागद फाडून फेकून देतात. मग दोन पावसाळ्यांत पॅड फुगून क्लिपांतून सुटतं.

दाराच्या तळाची भोकं चिखलानं बुजली असतील तर तारेनं मोकळी करा. पॅड सुकवून फरशीखाली दाबा. जास्तच कुजलं असेल तर जुनं पॅड ठेवून त्या मापाची पातळ वॉटरप्रूफ प्लायवूड किंवा पीव्हीसीची शीट कापा. मागं शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा दुहेरी चिकटपट्टीनं लावा. खालची कड दाराच्या खाचेत गेली पाहिजे, म्हणजे पाणी दारातच राहून खाली निघून जातं.

जे सरळ होत नाही

फोमवर पातळ कातडं असलेला मऊ डॅशबोर्ड तडकला किंवा आकसला तर तापवून फायदा नाही. त्याला मऊ ठेवणारं तेल वर्षानुवर्षं उडून गेलेलं असतं. समोरच्या काचेवर आतून जो धुरकट तेलकट थर बसतो, त्यात तेही असतं. असल्या डॅशवर एअरबॅग नसेल तर वरून तयार कव्हर किंवा कापड, एवढाच उपाय. कापड घ्यायचं तर गडद आणि बिनचमकीचं, नाहीतर रात्री काचेत त्याची झळक येते. परफ्यूमची बाटली डॅशवर सांडली असेल तर तो डाग आणि खड्डाही जात नाही, त्यातलं द्रावण प्लास्टिक खातं.

उन्हात उभी करायची वेळ आली तर काचेला आतून चंदेरी पडदा लावा, नसेल तर रिकाम्या खताच्या पोत्याला दोन बाजूंनी दोरी बांधून ते काचेवर बाहेरून टाका. फवारा मारायच्या बंद डब्या, लायटर गाडीत ठेवू नका, ते फुटतात.

आमचं कव्हर बसवून सहा महिने झाले. या मे महिन्यातही कोपरा जागेवर आहे, चकचकीत डाग तेवढा दिसतो. आईला गाडीत बसवलं की ती आधी माझ्या पायाकडं बघते आणि म्हणते, चप्पल काढून चालव.